डावी बाही

प्रिय सोनाली,

तुझं तिसरं खोकं काल पोचलं. पोस्टमन बजरंगानं ते ओट्यावर ठेवलं आणि म्हणाला, गुरुजी, नातीसाठी दुकान काढायलाव का काय? मी पावतीवर सही ठोकली आणि खोकं आत ओढलं. आत काय, तर पहिल्या खोक्यातलंच पुन्हा, मणी ओवायचा संच, लाकडी नट-बोल्ट, रंगीत चिमटे, आणि भरीला गुंड्या लावायचं, नाडी बांधायचं एक कापडी पुस्तक. वर छापलंय, बोटांचे स्नायू बळकट होतात. अगं बाई, गुंड्या तिच्या झग्याला आहेत, नाडी माझ्या पायजम्याला आहे. त्यासाठी नागपूरहून पुस्तक कशाला? मागच्या खोक्यातलं ते गाणारं बदक आठव. कळ दाबली की बदक गातं, नाचतं, डोळे मिचकावतं. सगळं बदकालाच येतं, पोरीनं फक्त बघत बसायचं. खेळणं जितकं हुशार तितकं पोर आळशी, हे मी बारा गावांच्या सभांत सांगितलं आणि माझ्याच मुलीनं बदक पाठवलं!

तुझी घालमेल कळत नाही असं नाही. मार्चपर्यंत तू नागपुरात प्रशिक्षणात अडकलेली, जावई कृष्णराजना सोलापुरात कामाच्या पाळ्या, आणि तुमची पाच वर्षांची समृद्धी इथं तेरमध्ये आमच्याकडं. त्यात बालवाडीच्या दैवशालाबाईंची ती चिठ्ठी. समृद्धीच्या उजव्या हाताची पकड कच्ची आहे, पेन्सिल धरवत नाही, बोटांना काम देणारी खेळणी द्या, फेब्रुवारीत पुन्हा पाहू, नाही जमलं तर पहिलीला न पाठवता आणखी एक वर्ष इथंच ठेवू. तू फोनवर रडलीस. मी म्हणालो, रडू नकोस, हे काम माझ्यावर सोड. छत्तीस वर्षं शाळेत घालवली आहेत, एका पोरीची पकड पक्की करणं काय अवघड आहे?

अवघड आहे. रोज संध्याकाळी सहा ते सात आम्ही दोघं ओसरीवर बसायचो. मी मणी तिच्या उजव्या हातात देतो, तिचा डावा हात पुढं येतो. मी चिमटा उजव्या हातात देतो, डावा हात तो कधी काढून घेतो ते मला कळतसुद्धा नाही. माझं म्हणणं सरळ होतं. दुखणं उजव्या हाताला आहे तर व्यायामही उजव्यालाच पाहिजे. मग मी डावा हात मांडीखाली ठेवायला लावला. नट-बोल्ट हातातून निसटून ओसरीभर पळायचे, मी खांबाआड वाकून ते गोळा करायचो आणि वर पुन्हा तिलाच ओरडायचो. तीन आठवडे हे चाललं. शेवटी तर मी खोक्याला हात लावला, की न सांगताच ती डावा हात मांडीखाली घालायची. बालवाडीत जायचं म्हटलं की पोट दुखतं म्हणायची.

याच तीन आठवड्यांत ढोकीला पालकांपुढं माझं भाषण झालं. विषय तोच, मुलांचे हात. मी गरजलो, मुलांच्या हातातून मोबाइल काढा आणि माती द्या, पीठ द्या, दोरा द्या. कुठलं खेळणं चांगलं ते दुकानदाराला विचारू नका, पोराच्या हाताला विचारा, हात खोटं बोलत नाही! टाळ्या थांबेनात. एक बाई मागून म्हणाली, ह्या गुरुजींच्या घरची लेकरं किती नशिबाची असतील. मी तो शब्द घरापर्यंत मिरवत आणला. बरोबर सहा वाजता पोचलो आणि खोकं उघडून बसलो.

तुझ्यावर माझा आणखी एक राग आहे, तोही आज लिहून टाकतो. तू पत्र लिहीत नाहीस. मोबाइलवर पाच पाच मिनिटं बोललेलं पाठवतेस, तुझ्या आईनं ते कानाला लावून तीनदा ऐकायचं. नोकरी सरकारी दवाखान्यातली, शिक्षण एवढं, आणि बापाला चार ओळी लिहायला काय होतं, असं मी कैकदा म्हणालोय. तू विषय बदलतेस. तू मला लिहिलेलं शेवटचं पत्र अकरावीतलं, लातूरच्या वसतिगृहातून आलेलं. दोन पानं होती. मेसच्या आमटीबद्दल होतं, खोलीतल्या मुलीबद्दल होतं, घरची आठवण येते असं होतं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी लाल पेन घेतलं, वाकड्या अक्षरांना गोल केले, खाली लिहिलं, अक्षर हा माणसाचा आरसा आहे, पुन्हा लिहून पाठव. आणि ते पत्र पाकिटात घालून तुलाच परत केलं. तू पुन्हा लिहिलं नाहीस. मी त्याला अठरा वर्षं तुझा हट्ट समजत आलो.

आता गुरुवारचं सांगतो. शेजारच्या दगडोबाच्या पुतणीचं लग्न ठरलंय, म्हणून रुखवताचे गव्हले करायला बायका आपल्या ओसरीवर जमल्या होत्या. तुला आठवतंच, रव्याच्या कणकेचा एवढासा गोळा चिमटीत धरायचा आणि बोटांनी वळून जिऱ्याएवढे दाणे ताटात पाडायचे. मी पेपर वाचत होतो. समृद्धी आजीला टेकून बसली होती. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं, तिनं एक गोळा उचलला आणि ती वळायला लागली. दगडोबाची बायको म्हणाली, बघा तरी काकू, पोरीच्या बोटात लई सफाई हाय, आमच्या सुनंपरीस बारीक पाडायलीय. सून म्हणाली, व्हय, मग न्या तिलाच नांदायला. सगळ्या हसल्या. समृद्धीही हसली. आल्यापासून ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती.

मी उठून जवळ गेलो. दाणे एकसारखे पडत होते, आणि पाडणारा हात डावा होता. सोनाली, त्या क्षणी शहाण्या माणसानं काय करावं? मी तिचा गोळा काढून उजव्या हातात दिला. म्हणालो, याही हातानं असंच कर बघू. तिनं केलं. जाड, वेडेवाकडे चार दाणे पडले. बायका आपापल्या ताटावर वाकल्या. तिनं गोळा ताटात ठेवला, आत गेली आणि भर दुपारी गोधडी डोक्यावरून घेऊन पडली.

माझं डोकं सणकलं होतं. बायका गेल्यावर मी तुझ्या आईला म्हणालो, ते काही नाही, तिच्या झग्याची डावी बाही तोंडाशी शिवून टाक, हात बाहेर येताच कामा नये, पंधरा दिवसांत सरळ होईल. हे माझ्या तोंडून आलं. देवऋष्याच्या अंगाऱ्यावर, मुलींना उंबऱ्याआड कोंडण्यावर, विधवेचं कुंकू पुसण्यावर ज्यानं भरसभेत आवाज चढवला, त्याच तोंडून आलं. तुझ्या आईनं आयुष्यात मला उलट उत्तर दिलं नाही. तिनं सुईदोऱ्याचा डबा आणि झगा आणला, माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाली, तुमच्या आईनं सोनीची डावी बाही अशीच शिवली तवा मला बोलायची सोय नव्हती. लेकरू बाहीत मूठ आवळून झोपायचं, सकाळी उसवून बघावं तर तळव्यावर नखाचे वण. तुमी तवा भाषण पाठ करीत बसला होता. आता शिवायची तर तुमच्या हातानं शिवा.

मी सुई घेतली. खोटं लिहीत नाही, हट्टानं घेतली. चष्मा चढवला, दोरा तोंडात ओला केला, आणि तो काही नेढ्यातून जाईना. दहा वेळा केलं. तेवढ्यात गोधडी टाकून समृद्धी बाहेर आली. मग तिनं सुई माझ्या हातातून घेतली, उजव्या हातात धरली, आणि डाव्या हातानं पहिल्याच झटक्यात दोरा ओवला. सुई मला परत दिली आणि म्हणाली, घ्या आबा, काय शिवायचंय?

झगा माझ्या मांडीवर होता, सोनाली. तिचाच होता.

काल मी दैवशालाबाईंकडं जाऊन आलो. त्यांना म्हणालो, पकड कच्ची नाही, आपण चुकीचा हात धरून बसलो होतो. त्यांनी कपाळावर हात मारला. समृद्धीच्या डाव्या हातात पेन्सिल दिली. स हे अक्षर थोडं आडवं पडलं, पण तिनं पेन्सिल अशी घट्ट धरली होती की बाईंना सोडवून घेता येईना. पहिलीची काळजी आता करू नकोस. खेळणी मात्र पुरे. ते बदक मी दगडोबाच्या नातवाला देऊन टाकलं.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तुझं पत्र मी परत पाठवलं होतं, म्हणून मला पत्रच लिहायचं होतं. तू कितीतरी लोकांना इंजेक्शन टोचतेस. कुठल्या हातानं टोचतेस ते मला माहीत नाही. तुझा बाप असून माहीत नाही. ज्या अक्षरावर मी लाल गोल केले, ते तुझं अक्षर नव्हतंच, डावा हात बाहीत शिवला गेला म्हणून उजव्यानं ओढलेलं होतं. खालची सही मी डाव्या हातानं केली आहे. तीन कागद वाया गेले तेव्हा एवढी जमली. पाकिटात लाल पेन ठेवलंय. वाकडं दिसेल तिथं गोल कर आणि परत पाठव, आणि मागं कोरी जागा आहे तिथं तुला वाटेल त्या हातानं काहीतरी लिही.

तुझाच,
अण्णा