फुकटची शिकवणी

ताई,

बाकीचे नाचाचे क्लास मला परवडत नाहीत, हे तुला ठाऊक होतं. "सख्ख्या भाचीकडून फी घेऊ का मी?" असं तूच सगळ्यांसमोर म्हणालीस. तेव्हा मला भरून आलं होतं गं.

काल शिलाईच्या कारखान्यातली वीज गेली, म्हणून लवकर सुटले आणि लेकीला न्यायला तुझ्याकडे आले. आत मुली रांगेत नाचत होत्या आणि माझी पोर दाराशी बसून त्यांच्या चपला लावत होती. एकीने हाक मारली, "ए, पाणी आण." ती उठली. तू ते पाहिलंस आणि खुशाल ताल देत राहिलीस. लाज कशी वाटली नाही तुला?

मी तिला हाताला धरून बाहेर काढलं. "मावशीचं तोंडसुद्धा बघायचं नाही आता," म्हटलं, तर ती रस्त्यातच थांबली.

"आई, दारातून सगळं दिसतं. मला सगळं येतं."

आणि भाजीवाल्यांच्या गर्दीत तिने अख्खा नाच करून दाखवला. कुठेही अडखळली नाही. मला रडू फुटलं, ते तुझ्यावरच्या संतापाने.

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तू तिला काढून टाकशील, आणि दुसरीकडे घालायची माझी ऐपत नाही. पण उद्या तिला सोडायला मी स्वतः येतेय. ती पुढच्या रांगेत उभी राहीपर्यंत तुझ्या दारातून हलणार नाही.

अजून धुमसत असलेली,
तुझी धाकटी