पहिल्या रविवारची मावशी

प्रिय चिमणे,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. अनाथ मुलांना शिकवणाऱ्या ज्या संस्थेच्या मदतीवर तू शिकलीस, तिच्याच निवड समितीवर तुला घेतलंय, हे वाचून मी लाँड्रीतल्या सगळ्यांना चहा पाजला. भाचीने नाव काढलं, असं मालकही म्हणाले. पुढचं पान मात्र मी तीनदा वाचलं. एका सहा वर्षांच्या मुलीचा अर्ज तू फेटाळणार आहेस, कारण तिची आई जिवंत असून कागदावर मेलेली दाखवलीय. अनाथांच्या तोंडचा घास पळवणारी बाई, असं तू तिला म्हटलंस. नियमाने तुझंच खरं आहे. पण बैठक शुक्रवारी आहे, म्हणून आज कामाला दांडी मारून लिहायला बसले.

ती बाई मला माहीत नाही, तिचे दिवस ठाऊक आहेत. तुझे वडील गेले तेव्हा तू साडेचार वर्षांची होतीस. घरी सांभाळायला कोणी नाही, म्हणून दिवसभर माझ्या इस्त्रीच्या टेबलाखाली चादरींच्या गठ्ठ्यावर बसायचीस. एक दिवस तापलेली इस्त्री तुझ्या मनगटाला लागली. तो डाग जन्माचा आहे असं मी सांगत आले, ते खोटं. त्याच आठवड्यात मी संस्थेचा अर्ज आणला. आईवडील दोघंही नसतील तरच शाळा आणि वसतिगृह मिळायचं.

नातेवाइकांना महिन्याच्या पहिल्या रविवारी एक तास भेटू द्यायचे. मी बरीच आधी, पण दर वेळी त्याच ठोक्याला येऊन उभी राहायचे, म्हणून पहारेकरी मला घड्याळ म्हणायचा. माय मरो, मावशी जगो ही म्हण मीच तुला शिकवली. तू ती मैत्रिणींना ऐटीत म्हणून दाखवायचीस आणि मी हसायचे. दुसरं काय करणार होते?

तू दुसरीत तापाने फणफणलीस, तेव्हा मला आत सोडलं. डोळे मिटून तू आई, आई करत होतीस. तापात सगळीच मुलं आईला हाक मारतात, असं परिचारिका समजुतीने म्हणाली. मी तुझ्या कपाळावरची पट्टी बदलत राहिले, ओ दिली नाही. इतकी खंत मला दुसऱ्या कशाची नाही.

तुझा जुना अर्ज तिथल्या कपाटात असेल, काढून बघ. आईच्या रकान्यात ‘मयत’ लिहिलंय, ते अक्षर तू ओळखशील. अर्जाआधी महिनाभर मी तुला मावशी म्हणायला शिकवत होते. आई म्हणालीस की मी बोलायचेच नाही तुझ्याशी. तिसऱ्या आठवड्यात तू चुकायची थांबलीस. माझ्यामुळे एखादं खरंच पोरकं लेकरू दाराबाहेर राहिलं असेल, ते पाप माझ्या माथी आहे. मला माफ करायचं की नाही, ते सावकाश ठरव. शुक्रवारी मात्र त्या मायलेकींना समोर बोलाव आणि पोर तिला काय हाक मारते ते ऐक. अजून चुकत असेल, तर तिला चुकू दे, आणि आईसकट शाळा कशी मिळेल ते बघ.

तुझीच,
आई