व्हर्नासाठी क्रेन्झचा सिनेमा

पॅसाडीना, १९७४

४ मार्च, सोमवार
व्हर्ना बहिणीकडे फ्रेस्नोला गेली. थोडे दिवस, म्हणाली. शिवणाचं मशीनही नेलं. रिकामं बसवतच नाही तिला. गुणी बायको.

९ मार्च
चारदा फोन केला. चारही वेळा मेहुणी म्हणाली, व्हर्ना बाहेर गेलीये. हवा मानवलेली दिसते.

११ मार्च
प्लॅन पक्का! तीस तारखेला, शनिवारी दुपारी, लायब्ररीच्या हॉलमध्ये दिग्दर्शक ऑटो क्रेन्झचा सिनेमा. आधी माझं भाषण, चाळीस मिनिटं. लग्नाआधी आम्ही दोघांनी पाहिलेला पहिला सिनेमा हाच. व्हर्नाला पत्र टाकलं. येणार. मग सोबतच घरी.

१७ मार्च
भाषण लिहितोय. क्रेन्झ प्रेत दाखवत नाही. दाराशी काढलेले बूट दाखवतो. शेजारीण ते उचलून स्वतःच्या नवऱ्याचं माप आठवते. बस! खून, लोभ, हसू, सगळं त्यात. आणि त्याची नटी कोरा डेलानी! नवऱ्याला विष घालून आलेली बाई सवयीने दोन कप कॉफी ओतते. थांबते. दुसरा कप हळूच किटलीत परत ओतते. चेहऱ्यावर रेष हलत नाही.
हा सीन व्हर्नाला तीस वेळा तरी समजावला असेल. एकदाही हसली नाही. विनोदबुद्धी कमी. मी चालवून घेतलं.

२२ मार्च
लायब्ररीच्या मिस टोबिन म्हणाल्या, "मिस्टर प्रुइट, दहा मिनिटं बोला. लोक सिनेमा बघायला येतात." यांना क्रेन्झ काय कळणार! पस्तीसवर आणलं.
वकिलाचं जाड पाकीट आलं. घटस्फोटाचे कागद. व्हर्नाची सही. रागाच्या भरात केली असणार. ड्रॉवरमध्ये ठेवले.

२९ मार्च
घर झाडलं. तिची उशी उन्हात टाकली. निळा सूट कमरेला घट्ट. ड्रायक्लीनरचा हलगर्जीपणा.

३० मार्च, संध्याकाळ
अकरा जण आले. त्यात व्हर्ना! मागच्या रांगेत, बहिणीबरोबर. बाविसाव्या मिनिटाला मिस टोबिननी दिवे घालवून माझं भाषण संपवलं.
कॉफीचा सीन आला आणि मागून कुणीतरी हसलं. इतकं मोकळं, खळाळून, की माणसं वळून बघायला लागली. मीही वळलो. व्हर्ना. तोंडावर रुमाल, खांदे गदगदतायत, डोळ्यांत पाणी.
नंतर पार्किंगमध्ये गाठलं. म्हटलं, बघ, कळला ना शेवटी विनोद?
म्हणाली, "लेलंड, पहिल्याच दिवशी कळला होता रे. तेव्हाही हसले असते. पण तू आधीच कोपराने ढोसायचास. 'आता बघ, आता हसायचं,' म्हणायचास. तेवीस वर्षं! आणि सिनेमातच नाही, सगळीकडेच."
म्हटलं, आता नाही ढोसणार.
"माहितीये मला," म्हणाली. इतक्या मऊ आवाजात, की मला वाटलं येतेच आता घरी. "जेवतोस ना वेळेवर?" मी हो म्हटलं. बहिणीने गाडी सुरू केली.

३१ मार्च
विचार करत असेल. फ्रेस्नो काही फार लांब नाही. फोन नाही.

२ एप्रिल
फोन नाही.

५ एप्रिल
कागद काढले. सह्या केल्या. पोस्टात टाकून आलो.
तिचं हसू आठवून पाहिलं. घशात खाली कुठंतरी सुरू होतं, मग अडखळत वर चढतं, शेवटी श्वासच पुरत नाही. मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.
छान हसते व्हर्ना.