बांधलेला पोपट

१५ फेब्रुवारी १९८८, सोमवार

घसा पार बसला! चौथीला रक्तातल्या पेशी शिकवल्या. फळ्यावर गोल काढले तर पोरं जांभया देतात. म्हटलं, चला मैदानात! निम्मे लाल, निम्मे पांढरे. लालांनी टाकीपासून वर्गापर्यंत खडू वाहायचे — तो प्राणवायू. पांढरे म्हणजे शिपाई. आणि वर्गातला वांड पोरगा पोपट, तो म्हणजे गोवराचा चोर. तो असा काही सुटला की शिपायांना कळेचना कोणाला धरायचं! सगळे खडू सांडले. मुख्याध्यापक बाहेर आले — "बाई, हा तास आहे की जत्रा?" जत्राच, सर!

१६ फेब्रुवारी

आज पोपट शिरतो न शिरतो तोच धरला. कालच्या शिपायांनी बरोब्बर ओळखला! मग लस सांगितली. तिसरीतले नवे शिपाई आणले आणि पोपटाला हात मागे बांधून सोडला. धरायला काय लागतंय? मग हात सोडले — तरी धरला! मालू टाळ्या पिटत ओरडली, "बाई, सुई म्हंजे बांधलेला पोपट!" एवढी वर्षं शिकवतेय, मला नाही सुचलं असं. जाम खूश आहे मी आज.

१८ फेब्रुवारी

मालूनं मधल्या सुट्टीत गाऱ्हाणं सांगितलं. तिचा भाऊ मोरू दहा महिन्यांचा. येत्या बुधवारी नर्सबाई गोवराची सुई द्यायला बालवाडीत येणार, आणि आजी नको म्हणते. कोळीवाड्यात दोन घरांत गोवर आलाय, दारांना कडुनिंब लागलाय.

शाळा सुटल्यावर गेले. आजी — आवडाबाई — ओट्यावर जाळं सारखं करत बसलेली. "देवी पावनी येतं बाय. तिला सुई दावून हाकलाची?" मी सगळं शास्त्र ऐकवलं. तिनं चहा पाजला. बस्स! घरापर्यंत चालत आले, सगळी वाट चरफडत.

२२ फेब्रुवारी

मालूनं आज खरं कारण सांगितलं. आवडाबाईचा थोरला लहानपणीच गोवरानं गेला. घरात देवी असली की फोडणीसुद्धा करत नाहीत हे लोक. आणि हिनं त्या दिवशी, पोरगं मागतंय म्हणून, बोंबील तळलेले. देवी कोपली, मीच मारला त्याला — असं धरून बसलीय बिचारी. आणि मी तिला पेशी शिकवत होते! अक्कल कुठे गेलेली माझी?

२४ फेब्रुवारी

आली! आवडाबाई मोरूला कडेवर घेऊन आली! मोरूनं बालवाडी डोक्यावर घेतली, पण सुई झाली.

काल मालूनं पोपटाला घरी नेऊन अंगणात अख्खा खेळ मांडला म्हणे. मग आजीला म्हणाली, "आजी, तललंस म्हनून नाय गेला काका. त्याच्या शिपायांनी चोर कधी बगितलाच नवता." आजी किती तरी वेळ रडली. मग डोळे पुसून — "सकालीच नेवाचा मोऱ्याला."

नर्सबाईंनी जाता जाता मला विचारलं, "तुम्हाला येऊन गेलाय ना हो गोवर? पोरांत असता सारख्या." म्हटलं, "अहो, लहानपणी सगळ्यांनाच येतो!"

घरी येऊन शिरा केला. तुपात हात आखडला नाही.

२७ फेब्रुवारी

पोपटालाच गोवर! चोरालाच चोरानं गाठलं की! काल वर्गात फणफणला, मीच धरून घरी पोचवला. आज पुरळ दिसलं. बरा आहे, खेळ चुकला म्हणून रडतोय.

८ मार्च

अंग मोडून आलंय. सर्दी, डोळे लाल. खडूची धूळ, दुसरं काय!

११ मार्च, शुक्रवार

गोवर! मला!! मालकीणबाईंनी आईला फोन लावला, तर आई म्हणे — "तिला कुठे आलेला? तो तिच्या ताईला." खोलीत कोणी फिरकत नाही. दुपारी दार वाजलं. आवडाबाई! हातात कडुनिंबाचा डहाळा आणि बिनफोडणीची पेज. "लांब राहा, तुम्हाला होईल!" मी ओरडले. ती हसली आणि उशाशीच बसली. "मना पोरपनीच व्हऊन गेला, बाय. माझं शिपाई ओलखतान त्याला. तुझं नवीन हान. नीज आता."