ओसरीवरचं इंजिन

मामंजी,

तुमच्याशी मी पहिलं पूर्ण वाक्य बोलले ते व्हॉल्व्हबद्दल होतं. लग्न होऊन जुन्नरला आले त्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. तोवर तुमच्याशी जे काही बोलायचं ते सासूबाईंच्या मार्फत. तुम्ही समोर आरामखुर्चीत असायचात आणि मी दाराआडून म्हणायचे, "त्यांना म्हणावं, चहा झालाय." सासूबाई जागच्या न हलता विचारायच्या, "ऐकलं ना?" आणि तुम्ही मान हलवायचात. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही. खोडदला आमच्याकडे बोलणं मोकळं होतं. वडिलांबरोबर मी विहिरीवर जायचे, ऑइल इंजिनात तेल घालायचे, ते कुरकुरलं तर त्यांच्या आधी मला कळायचं. पण सासर म्हणजे असंच असणार, अशी मी मनाची समजूत घातली होती. परवा माझ्या नातवाच्या गाडीला काही झालं. मेकॅनिक आला, त्यानं एक वायर जोडली, हातातल्या पडद्यावर वाचून काय बिघडलंय ते सांगितलं आणि बॉनेटसुद्धा न उघडता निघून गेला. तेव्हापासून तुमची सारखी आठवण येतेय.

तुमची ती गडद हिरवी, दोन दारांची विलायती गाडी. पुढून पाहिलं तर कुणीतरी गाल फुगवून बसल्यासारखी दिसायची. घोडेगावच्या कोर्टात जायला म्हणून तुम्ही ती जुनीच घेतली होती, आणि मी आले तोवर वकिली सोडून तुम्हाला काही काळ झाला होता. आता गाडी मुख्यतः सासूबाईंची होती. त्यांचे गुडघे धरलेले. टांग्याची पायरी त्यांना चढता येत नव्हती, एसटीची तर नाहीच. त्या गाडीची पायरी मात्र इतकी खाली होती, की दाराला धरून त्या हळूच आत बसायच्या. महिन्यातून एकदा तुम्ही त्यांना घोडेगावला त्यांच्या धाकट्या बहिणीकडे नेत होतात. दोघी बहिणी दिवसभर बोलायच्या आणि संध्याकाळी परत येताना सासूबाईंचा चेहरा सैल झालेला असायचा. बाकीचा महिना त्या त्यावर काढायच्या.

अशाच एका परतीच्या वाटेवर, चढावर, इंजिनातून लोखंड फुटल्यासारखा आवाज आला आणि गाडी थांबली. मी घरी होते. दिवेलागणीच्या आधी बाजारात गलका ऐकू आला म्हणून दारात आले, तर पुढे बैलजोडी, मागे दोराला बांधलेली गाडी, स्टिअरिंगच्या चाकाशी तुम्ही आणि मागच्या सीटवर सासूबाई, पदर नीट घेऊन ताठ बसलेल्या, जणू रोज असंच येतात. उतरल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "बैलांना पाणी दाखवा आधी."

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. जुन्नरच्या मोमीन आळीकडचे, दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या वर्कशॉपमध्ये काम केलेले, तुमच्याच वयाचे. गाडीखाली गेले आणि बाहेर येऊन हात पुसत बसले. "वकीलसाहेब, आतला दांडा तुटून बाहेर आलाय. इंजिनाच्या पोटाला हे एवढं भगदाड. हे आता शिवून व्हणार नाय. दुसरं इंजिन बघाया लागंल." शनिवारी पुण्याच्या नोकरीवरून हे घरी आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दादा, भंगारात द्या. आई पुण्याला येऊन राहील माझ्याकडे." बोलणं चुकीचं नव्हतं. मुलगा म्हणून बरोबरच होतं. पण सासूबाई भाजी निवडत होत्या, त्या वर न बघता म्हणाल्या, "मला काय, आता कुठे जायचंय." तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंत. सोमवारी सकाळी तुम्ही मिस्त्रींना घेऊन पुण्याला गेलात आणि तिसऱ्या दिवशी भाजीचा रिकामा ट्रक दारात उभा राहिला. त्यात पोत्यावर एक इंजिन होतं. त्याच कंपनीच्या, पण जरा मोठ्या गाडीचं.

ते इंजिन ओसरीवर आलं आणि घराचं रूपच पालटलं. येणाऱ्याला त्याला वळसा घालून यावं लागायचं. मिस्त्रींनी ते उघडलं, आतून किती झिजलंय ते दाखवलं, काय काय करायचं ते सांगितलं, आणि नेमका त्यांना मालेगावहून निरोप आला. मुलगी बाळंतपणात अडली होती. "मी आल्याबिगर जोडू नका," एवढं बजावून ते गेले. थांबणं तुमच्या स्वभावात नव्हतं. जोडायचं नाही म्हणाले, घासायला काय हरकत आहे, असा तुम्ही अर्थ लावलात. वकीलच तुम्ही. पाट घेऊन बसलात, चष्मा कपाळावर, आणि रबराची वाटी लावलेली ती लाकडी दांडी दोन्ही तळव्यांत धरून, व्हॉल्व्ह जागेवर घट्ट बसावेत म्हणून ते घासायला लागलात, ताक घुसळावं तसं. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते. आवाज कानावर येत होता आणि माझे हात थांबत होते. एकाच जागी घासल्याचा तो आवाज मला ठाऊक होता. दोन दिवस ऐकला. तिसऱ्या दिवशी तवा खाली ठेवला, पदर सारखा केला आणि दारात येऊन म्हणाले, "मामंजी, तो मधून मधून उचलून थोडा फिरवून ठेवायला पाहिजे. नाहीतर एकाच अंगानं झिजतो."

बोलून झाल्यावर मला माझाच आवाज परका वाटला. तुम्ही चष्मा खाली घेतलात. मला वाटलं आता सासूबाईंना हाक जाणार. तुम्ही पाटावर थोडं सरकलात आणि म्हणालात, "मग बस ना. मला एकट्याला कंटाळा येतोय."

त्यानंतरचे दिवस मला सणासारखे आठवतात. दुपारची झाकपाक झाली की मी ओसरीवर. तुम्ही गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक मराठीत वाचून दाखवताय, निकालपत्र वाचावं तशा आवाजात, आणि मी घासतेय. मग तुम्ही वाचलेलं मी खोटं ठरवते, तुम्ही ते खरं करून दाखवता, कधी उलट. पिस्टनच्या रिंगा चढवताना मी जोर केला आणि एक तटकन तुटली. तुम्ही तुकडे उचललेत. "ताकद लावायला बाहेर बैल बांधलेत, सूनबाई. तू हाताला विचार, पुरे का म्हणून." बोलणं तेवढंच. पुण्याहून दुसरी रिंग येईपर्यंत तुम्ही तो विषय काढला नाहीत, पण तेव्हापासून सुईत दोरा ओवतानासुद्धा मी हाताला विचारते.

सासूबाईंना हे पटलं नव्हतं. "याच हातांनी देवाला फुलं वाहायची का?" असं त्यांनी मला विचारलं, आणि काही दिवस माझ्या हातचा चहा न घेता स्वतः उठून करून घेतला, तोही गुडघे दुखत असताना. मला वाईट वाटत होतं, पण ओसरीवर जायचं मी थांबले नाही. एका दुपारी एक बारीक खीळ हरवली. आपण दोघं जमिनीवर वाकून शोधतोय, सापडत नाही. सासूबाई आतून आल्या, भिंतीला टेकून खाली बसल्या, पायाशी पडलेली खीळ उचलली आणि म्हणाल्या, "असा पसारा मांडलात तर आयुष्यात जोडून होणार नाही ते." मग मला मिसळणाचा डबा आणायला सांगितला. माहेरून आणलेला त्यांचा पितळी डबा. हळद, तिखट, मोहरी सगळं बरण्यांत काढलं आणि एकेका वाटीत एकेका व्हॉल्व्हच्या बारीक वस्तू घातल्या. वाट्या सात आणि व्हॉल्व्ह आठ. आठव्यासाठी त्यांनी आपला तपकिरीचा डबा रिकामा केला. त्या दिवसापासून त्या रोज येऊन बसायला लागल्या. तुम्ही काही मागितलंत की आधी विचारायच्या, "कुठल्या वाटीतलं?"

मिस्त्री आले ते नातू झाल्याचे पेढे घेऊन. त्यांनी एकेका व्हॉल्व्हवर रॉकेल ओतलं आणि वाट पाहिली. खाली थेंब आला नाही. ते पुन्हा एकदा सगळ्यांवरून गेले, मग तुमच्याकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "बाय, लई झ्याक बसलंय." आणि मग म्हणाले, "चला, आता माझं काम." त्यांचं काम खरंच पुष्कळ होतं. नवं इंजिन चार बोटं लांब. रेडिएटर पुढे सरकवावा लागला, इंजिन धरायचे आकडे लोहाराकडून नवे घडवून घ्यावे लागले, आणि गिअरबॉक्सची भोकं जुळेनात म्हणून मध्ये एक जाड लोखंडी पत्रा घालावा लागला. त्याचं माप मिस्त्रींनी तीनदा पुठ्ठ्यावर कापून पाहिलं. उचलायला तीन वासे उभे करून मोटेचा दोर लावला. आहुप्याकडची माणसं हिरडा विकायला बाजारात आली होती, तुमचे जुने पक्षकार. त्यांनी दोर धरला. "वकीलसाहेब, आमची जमीन सोडवली तुमी, हे तर उलीसं व्हझं," असं त्यांतला एक म्हणाला आणि इंजिन अलगद खाली उतरलं.

हँडल मारून गाडी सुरू करायचा मान तुम्ही कुणाला देणार नव्हतात. ठिणगीची वेळ पुढेमागे करायचा, स्टिअरिंगच्या चाकावरचा दांडा मागे घ्यायला आपण सगळेच विसरलो. हँडलनं उलटा झटका दिला आणि तुमचं मनगट मोडलं. तुम्ही पांढरेफटक, आणि पहिलं वाक्य काय, तर "कुणी मध्ये बोलू नका, मिस्त्री, तुम्ही मारा." त्यांनी दांडा मागे घेऊन मारलं आणि गाडी सुरू झाली. जुन्या आवाजापेक्षा भरदार, खालच्या पट्टीतला आवाज. सासूबाई दाराला धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "हिचा घसा सुटलाय."

हात गळ्यात बांधलेला, आणि घोडेगावला जाऊन कित्येक महिने झालेले. हे शनिवारी आले, त्यांनी गाडी पाहिली आणि खूप हसले, पण त्यांना चालवता येत नव्हती. तेव्हा तुम्ही जेवताना सहज म्हणालात, "सूनबाई चालवेल." सासूबाईंचा घास थांबला. "लायसन काढून," तुम्ही पुढे म्हणालात, "वकिलाच्या घरात बिनलायसनची गाडी चालायची नाही." शिकाऊ परवाना आला आणि तुम्ही मला गावाबाहेरच्या माळावर शिकवलंत, डाव्या हातानं गिअर दाखवत. गाडी बंद पडली की तुम्ही म्हणायचात, "पडू दे. सुरू कशी होते ते तुला माहीत आहे."

घोडेगावला पोचलो तेव्हा मावशी दारात आल्या. त्यांनी आधी बहिणीकडे पाहिलं, मग चाकाशी बसलेल्या माझ्याकडे. "अगं बाई, ही चालवत आणतेय?" सासूबाई दाराला धरून उतरत होत्या. म्हणाल्या, "चालवत काय, तिनं ती केलीय." मग पदर सारखा करून, "आम्ही तिघांनी." त्या दिवशी बहिणींचं बोलणं संपता संपत नव्हतं. आपण दोघं अंगणात बसून भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्या.

गाडी पुढे बरीच वर्षं चालली. तुम्ही गेलात, मागोमाग सासूबाई, आणि मग ती पेठच्या एका बागायतदारानं नेली. मी नंतरही दोन गाड्या चालवल्या, मुलांना शाळेत सोडलं, ह्यांना दवाखान्यात नेलं. खोडदला आता शेतांच्या कडेला आकाश ऐकणाऱ्या दुर्बिणीच्या मोठमोठ्या तबकड्या उभ्या आहेत. तुम्ही असतात तर आत जाऊन सगळं उघडून बघायला मागितलं असतं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी शेवटचं एवढं खोडून पाठवलं असतं. तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचात, की आमच्या सूनबाईला गाडी चालवायची फार हौस. मी कधी नाही म्हटलं नाही, तुम्हाला इतका आनंद व्हायचा. पण मामंजी, चालवायला मला कधीच फारसं आवडलं नाही. चढाला मी चाक घट्ट धरून बसायचे, उताराला त्याहून घट्ट. मला ती उघडी पडलेली, भाग न् भाग सुटा झालेली आवडायची.