हिरामणसाठी काढलेलं कोडं

बदलापूर,
दि. ६ जानेवारी २०२५

प्रिय राजरत्न,
सप्रेम जयभीम आणि माझ्याकडून स. न. वि. वि.

तुझी चारोळी पोचली. मफलर आणि काकडी एकाच ओळीत कोंबून तू काय साधलंस ते तुझं तुलाच ठाऊक. आज पेपरातल्या कोड्याचे पहिले तीन आडवे शब्द आले संप, बादली आणि तबला. नियम म्हणजे नियम. चार ओळींत तिन्ही शब्द, आणि फोनवर उत्तर फोडायचं नाही. घे:

नळानेच बघ संप पुकारला,
बादलीचा मी केला तबला;
ठेका ऐकून शेजारी म्हणे,
म्हातारा हा पुरता बिघडला!

हसून झालं असेल तर पुढे वाच. आनंदनगरच्या रंगाच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत हा खेळ आपण तिघं खेळायचो. आता दोघंच उरलो, आणि ते माझ्या तोंडामुळे. हिरामणच्या निरोप समारंभात मी माइकवर जे वाचलं, ते दोन वर्षं झाली तरी माझ्या डोक्यातून जात नाही:

मिक्सरपाशी लागली डुलकी,
लालचा झाला गुलाबी माल;
निरोपाला हार कशाला?
उधळा त्याचाच गुलाल!

सगळं कॅन्टीन हसलं. समोर त्याच्या घरच्या, विठावहिनी आणि लेक स्वप्नाली, नव्या साड्या नेसून बसल्या होत्या. हिरामण हार गळ्यात तसाच ठेवून उठला आणि गेला. तेव्हापासून त्याने माझं नाव टाकलं.

तो आजारी आहे असं कंपनीतल्या महेंद्रकडून कळलं. म्हणून मी त्याच्यासाठी स्वतः एक कोडं काढलं, अकरा बाय अकरा चौकटींचं. आडवे शब्द क्रमाने वाचले की मला जे म्हणायचंय ते सगळं त्यात येतं. आठ दिवस खपलो त्यावर. पोस्टाने पाठवून पंधरवडा झाला, पण त्याचं उत्तर नाही. तू अंबरनाथला जाऊन बघून येशील का? त्याने मला माफ केलं नाही तर माझं काही खरं नाही रे. दुसरं काही मागत नाही.

लोभ आहेच, त्यात थोडी भर घाल.
तुझा,
श्रीपाद

---

उल्हासनगर, कॅम्प ५,
दि. १३ जानेवारी २०२५

प्रिय श्रीपाद,
सप्रेम नमस्कार व जयभीम.

काल अंबरनाथला जाऊन आलो. आज चारोळी नाही. मनच नाही.

हिरामणला नोव्हेंबरात स्ट्रोक झाला. उजवा हात गेला. बोलतो, पण शब्द तुटत येतात. आणि मुख्य म्हणजे त्याला वाचता येत नाही. डोळे ठीक आहेत, पण अक्षरं म्हणे मुंग्यांसारखी दिसतात, अर्थ लागत नाही. बोललेलं मात्र सगळं समजतं. ज्या माणसाने आपल्याला रोज पेनाने कोडं सोडवून दाखवलं, त्याला तू कोडं पाठवलंस. चार दिवस तो कागद मांडीवर घेऊन बसला होता. विठावहिनींना वाटलं, तू पुन्हा थट्टाच केलीस. त्यांनी मला चहा दिला, पण तुझं नाव काढल्याबरोबर आत निघून गेल्या.

मी तिथेच बसून कोडं सोडवलं. शेवटचा शब्द भरला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्या लाल मालाच्या रंगाचं वजन तू चुकवलं होतंस? काट्यावर तू होतास, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. तेव्हा मीरावहिनी हॉस्पिटलात होत्या, तुझी नोकरी गेली असती, म्हणून मिक्सरवर डुलकी लागली असं त्याने साहेबांना स्वतःहून सांगितलं आणि मेमो घेतला. आणि त्याच डुलकीवर तू माइकवरून चार ओळी म्हटल्यास? अरे, काय माणूस आहेस तू! मी तुला चाळीस वर्षं ओळखतो, असं मला वाटत होतं.

मी त्याला ते वाचून दाखवलं नाही. ते माझं काम नाही. त्याने विचारलं तेव्हा एवढंच म्हटलं की श्रीपाद येऊन तोंडाने सांगणार आहे. भिंतीकडे बघत तो म्हणाला, येऊ दे. बदलापूर ते अंबरनाथ एकच स्टेशन आहे. जा.

रागात लिहिलंय, तरी स्नेह आहे तो आहे.
तुझा,
राजरत्न

---

बदलापूर,
दि. १८ जानेवारी २०२५

प्रिय राजरत्न,
सप्रेम जयभीम.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. मीरा जाईपर्यंत तिलाही मी हे सांगितलं नव्हतं. समारंभाच्या दिवशी मला वाटलं, सगळ्यांबरोबर हसलं की ती चूक कायमची हिरामणची होऊन जाईल. असं मी खरोखर ठरवलं होतं, आता लपवून काय करू?

काल निघणार होतो. स्टेशनपर्यंत गेलोही. गुडघा दुखायला लागला असं सुनेला सांगितलं, पण तुला खोटं नाही सांगत, भीती वाटली. विठावहिनींच्या समोर कसा उभा राहू? पुढच्या आठवड्यात नक्की जातो. हवी तर थट्टा कर, पण एवढं एक काम कर. कालच्या कोड्यात उंबरठा, गाठ आणि वाट आले. या ओळी तू त्याला वाचून दाखव. तू वाचलंस तर त्याला समजेल:

उंबरठ्याशी अडले पाय,
जिभेला बसली गाठ;
हिरामणा रे, दार उघड,
मीच चुकविली वाट.

या चेष्टेच्या नाहीत. मनापासूनच्या आहेत.

ओढ ठेव, मी अजून तेवढा वाईट नाही.
तुझा,
श्रीपाद

---

उल्हासनगर, कॅम्प ५,
दि. २७ जानेवारी २०२५

श्रीपाद,
जयभीम.

तीनदा फोन केला, तू उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. तुझ्या ओळी मी वाचून दाखवल्या नाहीत. चांगल्या आहेत, म्हणूनच जास्त राग आला. माफी मागायलाही तुला यमक लागतं आणि वाचायला दुसरा माणूस लागतो.

मंगळवारी हिरामणला दुसरा झटका आला. शनिवारी घरी आणलं. आता माणसं नीट ओळखत नाही. मला कधी राजरत्न म्हणतो, कधी मेहुणा समजतो. विठावहिनींना मी सांगून ठेवलंय की तू येणार आहेस. त्या म्हणाल्या, येऊ देत, मी काही बोलणार नाही. रविवारी गेला नाहीस तर मला पुन्हा पत्र लिहू नकोस.

राजरत्न

---

बदलापूर,
दि. ३ फेब्रुवारी २०२५

प्रिय राजरत्न,
सप्रेम जयभीम.

काल जाऊन आलो.

वहिनींनी दार उघडलं, बसायला खुर्ची पुढे केली. हिरामण कॉटवर उशीला टेकून होता. किती बारीक झालाय रे! मी खुर्ची जवळ ओढली, त्याचा डावा हात हातात घेतला आणि सगळं सांगितलं. वजन माझ्या हातून चुकलं हे सांगितलं. त्याने मला वाचवलं आणि मी त्याचं चारचौघांत हसं केलं, हेही. वहिनी दाराशी उभ्या होत्या, त्यांच्यादेखत बोललो. एकही शब्द अडला नाही. इतकं सोपं होतं ते. दोन वर्षांपूर्वीही तेवढंच सोपं असणार.

त्याने सगळं नीट ऐकलं, मध्ये मानही हलवली. मग माझ्याकडे निरखून बघत त्याने मी कोण, कुठून आलो असं विचारलं. वहिनी म्हणाल्या, अहो, हे तुमचे श्रीपाद. त्याने पुन्हा बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. माझा हात थोपटला. तुटक तुटक बोलला, पण मला शब्द न् शब्द समजला. म्हणाला, तुम्ही भले दिसता, त्या श्रीपादचं ओझं तुम्ही कशाला वाहता? आधी कागद पाठवला, मग राजरत्नला पाठवलं, आता तुम्हाला. त्याला सांगा, मी रागावलेलो नाही. फक्त एकदा स्वतः ये म्हणावं.

मी सांगतो म्हणालो.

तुझा,
श्रीपाद