एकदाच, पण दणक्यात

३ मार्च, सोमवार
महिनाअखेर टीम लीडची जागा रिकामी होतेय. मिळणार मलाच. हातच्या काकणाला आरसा कशाला? दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरमधला अपॉइंटमेंटचा अख्खा भाग नव्याने लिहायचं काम माझ्याकडे आलंय. साहेब म्हणाले, थोडं थोडं लिहा, दुसऱ्याकडून तपासून म्हणजे रिव्ह्यू करून घ्या आणि रोज मुख्य ब्रँचला, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कोडला, जोडत चला. मान डोलावली. पण अर्धवट काम चारचौघांत दाखवायची आपली पद्धत नाही. कोडची स्वतःची वेगळी प्रत, म्हणजे वेगळी ब्रँच काढली. एकदाच देईन, पण दणक्यात.

५ मार्च, बुधवार
दिवसभर मीटिंगा. जीव नकोसा. संध्याकाळी एक ओळ लिहिली, दोन खोडल्या. कमिटचा, म्हणजे कोड जमा करतानाचा मेसेज: ‘बदल’. समोरच्या टेबलवरचीने विचारलं, कसला बदल? म्हटलं, कोड वाचा, कळेल. हिला मी मनातल्या मनात मुंगी म्हणतो. कणाकणाने काम आणते.

१० मार्च, सोमवार
मुंगी रोज पाच-दहा ओळी माझ्याकडे रिव्ह्यूला पाठवते. वर निबंध: काय बदललं, का बदललं. अहो, वाचायला वेळ कुणाला आहे? मी ‘छान, मंजूर’ लिहून मोकळा होतो. भावी लीडचं मन मोठं हवं. बाकीचे चुका काढत बसतात आणि उगाच वैर घेतात.

१३ मार्च, गुरुवार
साहेबांनी विचारलं, कुठवर आलंय? म्हटलं, ऐंशी टक्के. डोक्यात सगळं तयार आहे, टायपिंग तेवढं राहिलंय. घरी सांगून टाकलं, जागा पक्की. बायको म्हणाली, तसं कुणी म्हटलंय का? हिला ऑफिसमधलं काय कळतं!

१८ मार्च, मंगळवार
पाठ धरलीय, बसवत नाही. साहेब म्हणतात, मुख्य ब्रँचमधले बदल रोज आपल्या ब्रँचमध्ये घ्यावेत. उद्यापासून. मुंगीचे आज ढीगभर रिव्ह्यू. चहा निवायच्या आत सगळे मंजूर.

२४ मार्च, सोमवार
मुख्य ब्रँच घेतली एकदाची. स्क्रीनभर लाल, माझा कोड मुख्य कोडशी कुठेच जुळेना. जिथे जिथे मी हात लावलाय, तिथे आधीच कुणीतरी सगळं बदलून ठेवलेलं! तणतणत साहेबांकडे गेलो. माझ्या भागात ही ढवळाढवळ कुणाची? आणि मंजूर कुणी केली? साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. पहिल्याच निबंधात मुंगीने लिहिलं होतं: तुमच्याकडून काही येत नाहीये, म्हणून साहेबांनी अपॉइंटमेंटचा भाग मला थोडा थोडा करायला सांगितलाय, हरकत असेल तर कळवा. खाली मी: ‘छान, मंजूर.’ वर अंगठा.



२८ मार्च, शुक्रवार
मुंगी लीड झाली. सगळ्यांसमोर माझे आभार मानले, यांनी मला एकदाही अडवलं नाही म्हणाली. टोमणा नव्हता, हेच जास्त लागलं. दुपारी तिचा कोड पहिल्यांदा वाचला. खोट काढायलाच बसलो होतो. निघाली नाही. फार वाईट वाटलं. माझी ब्रँच पुसून टाकली.

२९ मार्च, शनिवार
जागा मीच नाकारली, असं बायकोला सांगायचं ठरवलं. कारणं तयार होती: रक्तदाब, घराला वेळ, तरुणांना संधी. रक्तदाबाचं निम्मं सांगून होतंय तोच ती ‘बरं झालं’ म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली. बाकीची कारणं तशीच राहिली.